चेंबरच्या बोल्टवरच्या दोन रेघा

अशा गोष्टी लिहिणाऱ्यांना मी आजवर हसत आलो, हे आधीच कबूल करतो. आजोबांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली तेव्हापासून भूत, भानामती, अंगात येणं या भानगडींना आमच्या घरात थारा नाही. बाबा तर म्हणायचे, गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्याने आधी डिझेल फिल्टर बघावा. तरी हे लिहितोय. बायकोला अजून सांगितलेलं नाही, कारण हे सांगायचं तर त्याआधी मी काय केलं तेही सांगावं लागेल...

मी नागपूरला वाडीत राहतो. माझी स्वतःची डिझेल पिकअप आहे. अमरावती रोडवरच्या गोदामांतून माल उचलून हिंगण्याच्या कारखान्यांत पोचवतो. धाकटी बहीण रंजना आणि तिचा नवरा प्रफुल्ल दोन गल्ल्या सोडून राहतात. त्याचीही पिकअपच, माझ्याच मॉडेलची, फक्त दोन वर्षांनी नवी. बाबा जन्मभर ट्रकच्या गॅरेजात मिस्त्री होते, दीड वर्षापूर्वी वारले. त्यामुळे ऑइल बदलणं, फिल्टर बदलणं, डिझेल लाईनमधली हवा काढणं असली कामं आम्ही दोघंही घरीच करतो. शिकलो बाबांकडूनच. म्हणजे असं, की त्याला शिकवलं आणि मला बघू दिलं.

एकदा माझी गाडी सकाळी स्टार्टच होईना. मी फिल्टर खोलायला बसलो, तर बाबा दारातून म्हणाले, "थांब गा. जवाईले येऊ दे, मंग खोल." गाडी माझी, घर माझं, आणि वाट बघायची जावयाची! तो आला, दहा मिनिटांत हवा काढली, गाडी चालू. मग चहा पिताना माझ्या बायकोसमोर बाबा म्हणतात, "जवाईच्या हाताले कान हायेत." तुम्हीच सांगा, कोणाच्या पोटात दुखणार नाही? माझ्या तर दुखलं, आणि ते वर्षानुवर्षं दुखत राहिलं.

बाबांची एक पद्धत होती. बोल्ट कसला की काडी पिवळ्या ऑइल पेंटमध्ये बुडवायची आणि बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत एक रेघ मारायची. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. मग चहा प्यायचा. चहा झाला की पुन्हा पाना लावून बघायचं आणि शेजारी दुसरी रेघ. ज्याने कसलं त्यानेच रेघ मारायची. दुसऱ्याच्या बोल्टवर रेघ मारणं म्हणजे त्यांच्या लेखी खोटी सही. शेवटच्या आजारपणात त्यांनी पान्यांची पेटी आणि तो पिवळा डबा प्रफुल्लला दिला. मला त्यांचं घड्याळ मिळालं. ते बंद होतं.

यंदा उन्हाळ्यात प्रफुल्ल न्हाणीघरात घसरला आणि उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं. नेमकं त्याच वेळी त्याला हिंगण्याच्या एका कंपनीचं कायमचं काम मिळालं होतं. त्याच कामासाठी मीही विचारून आलो होतो, ते सोडा. सोमवारपासून बदली ड्रायव्हर गाडी नेणार होता, त्याआधी ऑइल बदलायचं होतं.

"भाऊ, तुमी करून देता काय? बाहेरच्याच्या हातात नाई द्यावं वाटत," तो म्हणाला.

शुक्रवारी दुपारी त्याच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर मी गाडीखाली शिरलो. हा स्टुलावर, हात गळ्यात, आणि तोंड चालू. "भाऊ, वायसर नवा टाका. भाऊ, फिल्टरच्या रबराले थोडं ऑइल लावा." सगळं बरोबरच सांगत होता, आणि त्याचाच राग येत होता. जुनं ऑइल घमेल्यात उतरलं. चेंबरचा, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीचा, बोल्ट मी बोटांनी बसवला आणि कसायला पाना उचलला. तेवढ्यात वरून आवाज आला, "जरा हलक्या हातानं, भाऊ. बाबा म्हनत, याले जोराचा अंदाज नाई, बोल्टाचे आटे खाते."

बाबा असं म्हणत असतील यात मला काडीचीही शंका वाटली नाही. मी पाना खाली ठेवला आणि म्हणालो, "झालं."

विसरलो नव्हतो. नुसत्या बोटांनी लावलेला बोल्ट उभ्या गाडीत टिकतो. नवं ऑइल भरून इंजिन पाच मिनिटं चालवून पाहिलं, थेंब पडला नाही. पण रस्त्याच्या हादऱ्यांनी तो दोन-चार दिवसांत गळून पडणार, ऑइल सांडणार आणि इंजिन जाम होणार. हे मला माहीत होतं. दोष बदली ड्रायव्हरवर गेला असता. एकदा तरी या माणसाची गाडी बंद पडलेली बघावी, एवढंच डोक्यात होतं. रेघ मी मारली नाही, आणि वाकून बघणं त्याला प्लास्टरमुळे शक्य नव्हतं.

रविवारी दुपारी जेवताना बायको सहज म्हणाली, "रंजनाच्या लेकीले यंदा नव्या शाळेत टाकून राहिले. बरं झालं वं माय, कंपनीचं काम भेटलं." त्यांचं अख्खं घर त्या एका इंजिनवर चालतं. मी पाना घेऊन निघालो.

ती सगळी शनिवारीच कुहीला, प्रफुल्लच्या आईकडे गेली होती. गाडी जिथल्या तिथे उभी होती. पोतं अंथरून खाली सरकलो आणि बोल्टला पाना लावला. तो हलेना. पक्का कसलेला होता, जेवढा हवा तेवढाच. आणि त्यावर पिवळ्या रेघा होत्या. दोन, शेजारी शेजारी. बोट लावलं तर बोटाला रंग आला.

तिथूनच रंजनाला फोन केला.

"आमी तं कालपासून कुहीलेच हाओत. काहून गा, भाऊ?"

"काही नाई वं, सहज."

त्यांच्या घराची एक चावी आमच्याकडे असते. आत जाऊन पानेपेटी उघडली. पिवळ्या डब्याचं झाकण गंजून बसलं होतं, पेचकसाने उचकटावं लागलं. आतला रंग दगडासारखा घट्ट झाला होता आणि काडी त्यात उभीच्या उभी रुतलेली होती.

अंगावर काटा आला, नाही असं नाही. पण खरं सांगतो, पहिल्यांदा आला तो राग. गेल्यावरही याच्याच गाडीखाली आलात बाबा? पेटीशेजारी बसून मी लहान पोरासारखा रडलो.

संध्याकाळी प्रफुल्ल परत आल्यावर त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "मले माहीत होतं, भाऊ. पाना खाली ठेवल्याचा आवाज आला, कसल्याचा नाई आला."

"मंग बोलले काहून नाई तुमी?"

"वाटलं, तुमी येसान वापस. नाई आले असते तं उद्या डायवरकडून कसून घेतला असता."

"कोनाले सांगतलं होतं काय?"

"बाबांची शपथ, कोनालेच नाई."

मग तो गाडीखाली वाकायला गेला, प्लास्टरमुळे जमलं नाही, तेव्हा मी मोबाईलवर फोटो काढून दाखवला. डाव्या हाताने फोटो मोठा करून त्याने दोन्ही रेघा पाहिल्या आणि म्हणाला, "माह्या गाडीसाठी नाई आले ते. तुमच्यासाठी आले असतील."

तो मनापासून बोलला, हे मला कळतं. मान्य करावंसंही वाटतं, पण होत नाही. समोरच्या दुकानदाराला विचारलं, बदली ड्रायव्हरला विचारलं. प्लॉटवर कोणी गेलेलं नाही, आणि ताजा पिवळा रंग आला कुठून याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर सांगा.

हल्ली माझ्या गाडीचं ऑइल बदललं की बोल्ट नीट कसतो, रेघ मात्र मारत नाही. दर रविवारी दुपारी टॉर्च घेऊन खाली शिरतो आणि बघतो. आजवर तरी बोल्ट कोराच आहे.