ढालीवरचे गोल

नातीने परदेशी घराण्यांच्या ढालींवरच्या चिन्हांचं पुस्तक आणलंय. त्यात सोनेरी गोलाला एक नाव, लाल गोलाला दुसरं, निळ्याला तिसरंच! मी वैतागले. "अगं, गोल तो गोल. रंग बदलला की नवं बारसं कशाला?"

"आजी, आपलंही तसंच की! लाल ते कुंकू, काळी ती तीट, हिरवं ते गोंदण."

विधवा जाऊबाईंनी एकदा लाल टिकली लावली, तर भर पाहुण्यांत "वहिनी, तुम्ही काळी लावा हो," म्हणणारी दीडशहाणी मीच! काय तो तोरा!

हे गेल्यापासून माझं कपाळ मोकळंच आहे. नातीच्या पाकिटातली लाल टिकली काढून मी लावली.

"आजी, हिचं नाव काय?"

"गोल," मी म्हटलं.