आतलं लागलं का?

हातात यादी आली की बाबूजी आधी शेवटच्या पानाची खालची ओळ वाचायचे. मग चष्मा कपाळावर सारून विचारायचे, "वरचं लागलं, भिया. आतलं लागलं का?"

काम सुटलं तरी कामाची खोड न सुटलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाबूजी मिलमध्ये टाइमकीपर होते. कामगारांची हजेरीची कार्डं लावण्यातच त्यांची हयात गेली. मिल बंद पडून काही वर्षं झाल्यावर मिलच्या चाळींच्या कमिटीने ठरवलं की मिल बंद झाली त्या दिवशी जे कामावर होते, त्यांच्या खोल्या त्यांच्याकडे राहतील. बाकीच्यांनी खोली खाली करायची. ती यादी बनवायचं काम मल्हारगंजात किराणा दुकानावरच्या आमच्या कंप्युटर ऑफिसात आलं, आणि कार्डं वाचून दाखवायला बाबूजी आले.

मी नवा प्रोग्रामर होतो आणि स्वतःवर भलताच खूष होतो. प्रोग्राम साधा होता. एकेक कामगार आणि त्याच्या पोटात त्याच्या नोंदी: हजर, नाव कमी, पुन्हा हजर. शेवटची नोंद 'हजर' असली तर नाव यादीत. वरचे कामगार मी आडनावाने लावले होते, त्यांच्या पोटातल्या, आतल्या नोंदींना मात्र क्रम दिलाच नव्हता. बाबूजी प्रत्येकाची कार्डं तारखेने लावून वाचत, म्हणून त्या बरोबर येत. त्याचं श्रेय मी डेटाबेसला देऊन मोकळा झालो होतो.

"आतलं लागलं का?"

"लागलंय की बाबूजी! दिसतंय ना स्क्रीनवर."

मग सुताच्या कांड्या भरणाऱ्या कांडीखात्याच्या जुन्या कार्डांचं एक पोतं सापडलं. आम्ही तीही भरली, सगळ्यात शेवटी.

यादी द्यायच्या दिवशी सकाळी मी प्रिंट काढून बाबूजींच्या हातात दिली. त्यांनी खालची ओळ वाचली आणि बराच वेळ तिथेच पाहत राहिले. मग पानं उलटत वर आले.

"सखूबाईचं नाव कुठंय?"

"नसेल बसत नियमात."

"अरे यार, शेवटच्या भोंग्याला मिलमधून बाहेर पडताना मी पाहिलंय तिला! एकटी बाई, जाणार कुठे?"

"कंप्युटर चुकत नाही, बाबूजी."

"कंप्युटर नाही, तू चुकला."

मला राग आला. वेळही नव्हता, कमिटीचा माणूस पाच वाजता यादी न्यायला येणार होता. बाबूजींनी सखूबाईची कार्डं टेबलावर तारखेने मांडली आणि स्क्रीनवर बोट टेकवलं. पोत्यातलं जुनं 'नाव कमी' सगळ्यात खाली येऊन बसलं होतं. आधी भरलेलं आधी, नंतर भरलेलं नंतर. अशी किती माणसं मी बेघर करणार होतो, कोण जाणे.

आतल्या नोंदी तारखेने लाव, एवढं सांगणारी एक ओळ. ती लिहून मी पुन्हा प्रिंट लावली. नवी यादी निघेपर्यंत कमिटीचा माणूस येऊन जिन्यात उभा राहिला होता. त्याला थांबवून बाबूजींनी एकेक कार्ड ताडून पाहिलं. सखूबाई आली होती. तिच्यासारखी बरीच आली होती.

"आता आतलं लागलं," बाबूजी म्हणाले. यादी गेली.

सकाळची प्रिंट फेकताना सहज दोन्ही याद्या शेजारी धरल्या. एक नाव जुन्या यादीत होतं, नवीत नव्हतं. बाबूजींचं. आडनाव 'ह'वरून, म्हणून शेवटच्या ओळीत.

मॅनेजरच्या माणसांची खोटी हजेरी लावायला नको म्हणून बाबूजींनी मिल बंद पडण्याआधीच राजीनामा दिला होता. पण त्यांच्या नोकरीची सुरुवात कांडीखात्यातली. पोत्यातलं ते जुनं 'हजर' माझ्या चुकीने शेवटी आलं होतं आणि खोली त्यांच्या नावावर लागत होती. सकाळी पहिल्यांदा त्यांनी वाचली होती ती हीच ओळ.

मी धावत जिना उतरलो. ते चपला घालत होते.

"बाबूजी, तुमचं नाव…"

"तारखेने लावलं ना? बस, मग."

"पण तुम्ही सकाळीच पाहिलं होतं!"

"हो भिया. छान दिसत होतं," ते म्हणाले आणि हसले.

महिन्याभरात खोली खाली करून ते देवासला मुलीकडे गेले. पुन्हा भेट झाली नाही. मी जायला हवं होतं, गेलो नाही. तोंड दाखवायची लाज वाटत राहिली.

सकाळची ती यादी मी फेकली नाही. शेवटच्या ओळीवर ताज्या शाईत उमटलेला त्यांच्या अंगठ्याचा ठसा आहे.