भाजीवाली म्हटलं तिला

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरींना नाही. तुम्हाला सांगते, पण ऐकून हळहळू नका — मला ते नको आहे.

माझ्या आईची आई कातकरी होती. आजोबा आगरी, वडपे गावचे. त्यांनी तिला ठेवली नव्हती, मांडव घालून लग्न केलं होतं. मग ती ‘वसईकडच्या मोठ्या घराण्यातली’ कशी झाली? मी केली. धाकट्या बहिणीला स्थळ आलं तेव्हा ही थाप मीच मारली. बहिणीने तीच पुढे आपल्या पोराला सांगितली. मग आमच्या जमिनींवर गोडाऊनं उभी राहिली, पैसा आला, आणि थाप पक्की झाली.

तो पोरगा, निखिल, दोन हजार सहाला अमेरिकेतून भिवंडीत माझ्याकडे आला. तिकडे त्याने गालातून कापूस फिरवून डीएनए टेस्टला दिला होता. आईच्या आईच्या आईकडून काय आलं, ते त्यात कळतं म्हणे. निकाल यायचा होता, आणि त्याला पूर्वजांच्या गोष्टी हव्या होत्या. मी दिल्या! गलबतं दिली, घोड्यावरचे पणजोबा दिले. शेजारच्या पॉवरलूमच्या खडखडाटात ओरडून ओरडून सांगितल्या.

तेवढ्यात दारात बुधीमावशी. माझ्या त्याच कातकरी आजीच्या बहिणीची मुलगी. अंबाडी गावापलीकडच्या कातकरी वाडीवर राहायची. दर श्रावणात डोंगरातली कंटोळी, ती पावसाळी रानभाजी, आणायची — विकायला नाही, माझ्यासाठी.

“ही कोण?” निखिलने विचारलं.

ज्या रक्तासाठी तो एवढा लांबून आला, ते दारात उभं होतं. सांगायला काय लागत होतं? मी म्हणाले, “भाजीवाली आहे.”

एवढ्यावर थांबले असते तर — पण नाही. खोटं खरं वाटायला हवं ना! मी भाव केला. “केवढ्याला देतेस? मागच्या खेपेला किडकी निघाली.”

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मग निखिलकडे, बराच वेळ.

“तुला देयाचा तां दे, बाय,” ती म्हणाली. “पोराला खाऊ घाल. किडकी न्हायत.”

मी नोट पुढे केली. तिने घेतली, पदराला बांधली, गेली.

निकाल आल्यावर निखिलचा फोन आला. आवाज पडलेला. “मावशी, गलबतंबिलबतं काही नाही गं. हजारो वर्षं आपण इथलेच, असं म्हणतात. टेस्ट चुकली असेल का?”

“असेल,” मी म्हणाले. तेव्हाही!

बुधीमावशी पुन्हा आली नाही. मी वाडीवर गेले नाही. ती वारल्याचं कळलं, तेव्हाही नाही.

आता कुणी म्हणेल, समाजच तसा, काळच तसा. समाज माझ्या दारात उभा होता का? मी होते. आणि भीतीबीती काही नव्हती — त्या पोरासमोर मोठं दिसायला मला मजा येत होती.

आजीचं नाव पवळी. हे मी छापायला देते आहे. निखिलला मराठी वाचता येतं. वाचू दे.