उल्पियानोच्या ब्रेकची रांग

क्यूबातल्या सान्तियागो शहरात तिवोलीच्या उतारावर राहायचं आणि बावन्न सालची मोटार बाळगायची, हा काही शहाण्या माणसाचा उद्योग नव्हे. पण उल्पियानो लामोतला शहाणं कोणीच म्हणत नसे, त्यामुळे तो प्रश्न मिटलेला होता. चाळीस वर्षं तो त्या हिरव्या गाडीतून सान्तियागोच्या लोकांना दवाखान्यात, बाजारात आणि लग्नाला पोचवत आला. गाडी सासऱ्याची. म्हातारा मरताना म्हणाला होता, "पोरीची काळजी नाही, तिला तोंड आहे. गाडीला जप." बायको नेरेइदा हे त्याला दर आठवड्याला ऐकवायची. म्हातारा चुकला नव्हता.

त्या गुरुवारी सकाळी ब्रेकचं पेडल सरळ खाली गेलं. आणि दुपारी बाराच्या आत वाहतूक कचेरीकडून गाडी पास करून शिक्का घेतला नाही, तर भाडी मारायचा परवाना रद्द. गाडी चालवण्याखेरीज उल्पियानोला दुसरं काही म्हणजे काही येत नव्हतं.

तरी तो शिस्तीत लागला. तीन-चारदा पंप मारला की पेडल वर यायचं, पाय ठेवून धरलं की हळूहळू खाली बसायचं. चारही चाकांच्या आत हात घालून पाहिलं, सगळं कोरडं ठणठणीत. पाईप चाचपले, कुठे थेंब नाही. तेल बाहेर गळत नाही आणि दाब तर टिकत नाही, म्हणजे पेडलमागच्या मास्टर सिलिंडरमधलं, दाब धरणारं रबर गेलं.

"कशानं गेलं?" नेरेइदानं विचारलं.

"तुझ्या शांपूनं."

"माझा शांपू चोरून ओतला कोणी?"

खरं ब्रेक ऑइल अख्ख्या क्यूबात शेवटचं कधी दिसलं, यावर आमच्या गल्लीत अजून भांडणं होतात. उल्पियानो आपलं घरीच करायचा. शांपू, स्पिरिट, थोडं एरंडेल. पिवळसर, वासाला छान, डबाभर तयार ठेवलेलं. रबराला ते मानवत नसे, पण रबराला विचारतो कोण?

नेरेइदा इस्पितळात नर्स होती. सलाईनच्या बाटल्यांची रबरी बुचं तिनं शिवणाच्या डब्यात जपून ठेवली होती. त्यातलं एक उल्पियानोनं ब्लेडनं तासून वाटीसारखं केलं आणि सिलिंडरमध्ये बसवलं. आता राहिली पाइपातली हवा काढायची. नेरेइदा पेडलवर बसली. तो चाकापाशी आडवा झाला, नटाला नळी लावून ती बाटलीत सोडली.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव."

"चाळीस वर्षं तेच करतेय."

"आता सोड."

"आता सोडून काय उपयोग?"

बाटलीत बुडबुडे येत होते, पिवळं तेल साचत होतं. एक पिशवीवाली बाई थांबली. तिनं बाटली पाहिली, डबा पाहिला आणि विचारलं, "शेवटचं कोण?" भिंतीला टेकून सिगार ओढणारा एक म्हातारा म्हणाला, "मी असेन." झालं. आमच्याकडे एवढं पुरतं. आधी नंबर लावायचा, काय मिळतंय ते मागाहून कळतं.

शेवटच्या चाकाखालून उल्पियानो बाहेर आला तेव्हा उतारावर भिंतीच्या कडेनं पंचवीस-तीस माणसं शिस्तीत उभी होती.

"अहो, इथे काही मिळत नाही. मी ब्रेक दुरुस्त करतोय."

"ओळखीच्यांसाठी ठेवलंय वाटतं," पिशवीवाली म्हणाली.

"देवाशपथ बाई, मला गाडी पास करायला जायचंय. साडेअकरा वाजले."

"जाऊ नका," रांगेतून एक टोपीवाला म्हणाला. त्याच्या काखेत फाईल होती. "कचेरी बंद आहे. साहेब बाहेर गेलेत."

"कुठे?"

"इथे. मीच तो."

उल्पियानोनं रांग मोजली. साहेबांचा नंबर सव्विसावा होता.

"मग साहेब, इथेच बघून घ्या ना."

"बघतो. पण रांग सोडणार नाही. वरून गाडी आणा आणि माझ्यापाशी थांबवा." साहेबांनी एक पाय रांगेत ठेवला आणि एक रस्त्यात टाकला.

उल्पियानोनं गाडी वर नेली. मग खाली सोडली. नेरेइदा मोठा दगड घेऊन मागच्या चाकाबरोबर धावत होती. त्यानं पाय दाबला. पेडल अर्ध्यावर थांबलं आणि गाडीही थांबली, साहेबांच्या बुटापासून वीतभर.

"ब्रेक छान लागतो," साहेब म्हणाले. "नंबर आला की शिक्का देतो."

"नंबर कशाचा साहेब? वाटायला काही नाहीच."

"कचेरी बंद करून आलोय मी. रिकाम्या हातानं गेलो तर वरच्यांना काय सांगू? तुम्हीच सांगा."

नेरेइदानं डबा उघडला आणि वाढायचा डाव हातात घेतला. "प्रत्येकी आपली एक बाटली," ती म्हणाली, "आणि केसांनाच लावायचं, पोटात घ्यायचं नाही." लोकांनी वास घेतला आणि खूश झाले. पिशवीवालीनं तर दुसऱ्या बाटलीसाठी आजारी बहीण काढली.

तेविसाव्या माणसाला डबा संपला.

साहेबांच्या पुढे दोघं होते. रांग मोडायला साहेब तयार नव्हते, नियमाचे मोठे पक्के. पाच मिनिटं उरली होती. उल्पियानो चाकापाशी आडवा झाला. नेरेइदा पेडलवर बसली.

"दाब," तो म्हणाला. या खेपेला ती काही बोलली नाही.

चोविसाव्याला पुढच्या चाकांच्या पाइपांतलं तेल मिळालं, पंचविसाव्याला मागच्यांचं. साहेबांची बाटली सिलिंडर रिकामा करून भरली. त्यांनी बूच घट्ट लावलं, फाईल गाडीच्या बॉनेटवर ठेवली, 'ब्रेक उत्तम' असं लिहिलं आणि शिक्का मारला. रांगेतल्या मागच्यांना संपल्याचं सांगितल्यावर ते निमूट गेले. सवय असते.

तेवढ्यात शेजारच्या एदेल्मिराबाई गुडघा धरत आल्या आणि मागच्या सीटवर बसल्या. "परवाना वाचला म्हणे. चल, मला दवाखान्यात सोड."

उल्पियानोनं पेडल दाबलं. ते जमिनीला टेकलं.

"काय झालं रे?"

"काही नाही. उतरा बाई," असं म्हणून त्यानं दार उघडलं, त्यांची पिशवी घेतली आणि हात पुढे केला.

नव्या शिक्क्यानंतरचं पहिलं भाडं त्यानं पायीच पोचवलं. उतारावर दोनदा बाईंचा तोल गेला, आणि दोन्ही वेळा उल्पियानोनं त्यांना जागच्या जागी थांबवलं.