फरशीवरची लिमलेट

आमचे डॉक्टर लहान पोराच्या हातात गोळी कधी देत नसत. फरशीवर टाकत. बरणीतून लिमलेटची गोळी काढायची, पोराच्या नाकासमोर धरायची आणि त्याने हात पुढे केला की सोडून द्यायची. गोळी उड्या मारत टेबलाखाली गेली की म्हणायचे, "उचल. तुझ्या बापाचीच हाय."

आई कळवळायची. "धुऊन तरी द्या, डाक्टर."

"पोटात जंत हायतच. त्यांनाबी काहीतरी गोड नको का?"

असा एखादा डॉक्टर तुम्हीही पाहिला असेल, ज्याच्या हाताला गुण असतो आणि जिभेवर औषध नसतं. आमचा दवाखाना यवतला, हमरस्त्याला लागून, एका बाजूला धाबा आणि दुसऱ्या बाजूला पंक्चरचं दुकान. आमचा म्हणजे त्यांचा, मी कंपाउंडर. ते मूळचे मांडवगण फराट्याचे. पुण्यात शिकले, पण बोलणं गावचंच ठेवलं. "शुद्ध बोललो की पेशंट खोटं बोलाय लागतो," म्हणत.

एकदा कारखान्याच्या कुणा साहेबाची बायको मुलाला घेऊन आली. गोळी पडताच बाईंनी लगबगीने वाकून स्वतःच उचलली. डॉक्टर म्हणाले, "बाई, तपासणी पोराची चाललीय. तुमचा नंबर नंतर."

बाई पुन्हा आल्या नाहीत. मी धीर करून म्हणालो, जरा सभ्यपणे दिली असती तर? ते म्हणाले, "येड्या, पोरगं वाकलं की निम्मी तपासणी झाली. डोळं, कंबर, गुडघं, कणा. हातात दिली तर मला फक्त त्याची हाव दिसंल."

आता थोडं माझं सांगतो, कारण ते लपवून हे चित्र पुरं होणार नाही. मी पायाळू. जन्माला येताना डोक्याआधी पाय बाहेर आले. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की लचक उतरते, असं आपल्याकडे म्हणतात. त्यामुळे आयुष्यभर माझ्या पायाला माझ्या डोक्यापेक्षा जास्त मान मिळाला. पुढच्या दाराने ताप-खोकला यायचा, मागच्या पडवीत लचक. डॉक्टरांना ठाऊक होतं. "आमच्यात दोघं तपासतात," ते लोकांना सांगत. "एक हातानं, एक लाथंनं."

मी हे हसत लिहितो आहे, पण हसू यायला बरीच वर्षं गेली.

राहू गावचा बाळू आपल्या पाच वर्षांच्या राणीला घेऊन मागच्या दाराने आला. त्याचा बाप मेंढरं राखायचा. बाळूने कळप विकून ऊस आणि कांदा धरला होता. पोरीची पाठ दुखते, कुठंतरी पडली असेल, म्हणाला. मी चप्पल काढली आणि तिच्या पाठीला पाय लावला. ती ओरडली. मी म्हणालो, "निघतीय लचक." पुढच्या रविवारी ती आली ती मला बघूनच रडायला लागली. तरीही मी पाय लावला. त्याच्या पुढच्या रविवारी माझा पाय हवेत असतानाच डॉक्टर चहाची बशी घेऊन पडवीत आले.

"थांबा, उस्ताद." त्यांनी खिशातून लिमलेट काढून टाकली. "उचल गं. तुझ्या बापाचीच हाय. बाप हितंच हाय, पायजे तर विचार."

राणी वाकली नाही. पाठ फळीसारखी ताठ ठेवून ती सरळ खाली बसली. एक हात गुडघ्यावर रोवून दुसऱ्याने चाचपत गोळी घेतली. मग मांड्यांवर हात टेकत टेकत, स्वतःच्याच अंगावर चढावं तशी, उभी राहिली आणि गोळी तोंडात टाकून आमच्याकडे जिंकल्यासारखी बघू लागली.

डॉक्टरांनी बशी कठड्यावर ठेवली.

"रातची रडत उठती का?"

"व्हय. आडवी पडली की दुखतं. बसवली की थांबतं."

"अंथरूण ओलं करती?"

बाळू खाली बघत म्हणाला, "सुटलं हुतं कवाच. आता पुन्हा चालू झालंय. आई मारती तिची."

"आईला म्हणावं, आता मला मार."

त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि गुडघ्यावर हातोडी हलकेच मारली. पाय असा उडाला की डॉक्टरांच्या पोटाला लागला. "ही तुझ्यापरीस भारी लाथ मारती," ते मला म्हणाले, पण हसले नाहीत. किल्लीच्या टोकाने त्यांनी तिच्या तळपायावर रेघ ओढली. आपल्या पायाला गुदगुल्या झाल्या की अंगठा खाली वळतो. तिचा अंगठा सावकाश वर गेला.

त्यांनी सलाइनची नळी आणून बाळूसमोर चिमटीत दाबली. "डोक्याकडनं पायाकडं हुकूम जातो तो मणक्याच्या आतनं. आत कुठंतरी गाठ असावी. ती असं दाबतीय. पुण्याला न्यायची, एमआरआय करायचा. गाठ असली तर काढायची."

"न्हाई डाक्टर. मणक्याला सुरी लावली की माणूस खाटंवर. आमच्या भावकीत झालाय एक."

"तो ट्रॅक्टरवरनं पडला. ऑपरेशन त्याच्यानंतर. आन् ट्रॅक्टरवर चढायच्या आधी त्यानं काय घेतलं हुतं, ते मी सांगू का तू सांगतोस?"

"आजून दोन ऐतवार पाय लावून बघू की."

सगळे माझ्या पायाकडे बघू लागले. मी चप्पल शोधत होतो.

डॉक्टर बाळूच्या शेजारी बाकावर बसले. "बाळू, तुझ्या बापाचं मेंढरू मागचे पाय वढाय लागलं तर तो कुणाची लाथ घालायचा त्याला?"

"मेंढराला कोण लाथ घालतंय, डाक्टर!"

"मग पोरीला का?"

बाळूने राणीला उचललं आणि विचारलं, "गाडी कवा मिळंल?"

दुसऱ्या दिवशी जीप निघाली. डॉक्टरांनी मलाही बसवलं. "तू जायचं. येताना तोंड घिऊन ये, पाय तिकडंच ठेव."

पुण्यात राणीला औषधाने झोपवून त्या मोठ्या भोंग्यासारख्या यंत्रात सरकवलं. गाठ होतीच, मणक्याच्या नळीत, पाठीच्या मधोमध, चिंचोक्याएवढी. सर्जन म्हणाले, अजून थांबला असतात तर पाय गेले असते आणि गेलेले पाय परत आणणं अवघड. आता काढू, पण हमी देत नाही. बाळूने अंगठा नाही, सही केली. ती इतकी वेडीवाकडी आली की दोन्हींत फरक राहिला नाही.

मी एसटीडी बूथवरून डॉक्टरांना फोन लावला आणि रडतच म्हणालो, "मी लाथ मारली तिला."

"तुझ्या लाथंनं गाठी झाल्या असत्या तर निम्मं यवत आडवं झालं असतं." मग ते म्हणाले, "ती मागं पोट दुखतं म्हणून आईबरोबर आली व्हती माझ्याकडं. खांद्यावर झोपलेली. उठवायची कशाला म्हणून गोळी तिच्या मुठीत दिली आन् जंताचं औषध लिहिलं. पोट न्हवतं ते, पाठच व्हती. एकदाच सभ्यपणा केला बघ मी."

त्यांनी फोन ठेवला.

गाठ जवळजवळ सगळी निघाली. वाईट जातीची नव्हती, पण पुन्हा डोकं वर काढू शकते म्हणून वरचेवर मणक्याचा फोटो काढायला सांगितलं. पाय मात्र सुरुवातीला मेणासारखे. बाळूने कांदा साठवायच्या चाळीत दोन बांबू आडवे बांधले आणि त्यांच्यामधून तिला सकाळ-संध्याकाळ चालवू लागला. ती त्याला शिव्या द्यायची. कुठून शिकली, हे आम्ही विचारलं नाही.

मी तेव्हापासून कुणाच्या पाठीला पाय लावला नाही. लोक रागावले. डॉक्टर पेशंटना सांगत, "आमचे मोठे डॉक्टर रिटायर झाले."

नंतर तेही थांबले. मांडवगणला शेतात राहायला गेले आणि तिथेच वारले. दवाखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. पण त्यांचा चेहरा आठवायला गेलो की मला आठवते ती त्यांची पाठ, आणि तिचं कारण राणी.

ऑपरेशननंतर वर्षभराने ती बाळूबरोबर आली, पुढच्या दाराने, चालत. एक पाय किंचित घासत होता. दवाखाना बायकापोरांनी भरलेला. डॉक्टरांनी बरणी उघडली, गोळी काढली आणि थांबले. मग हात लांब करून गोळी तिच्या हातात द्यायला लागले.

राणीने हात मागे घेतला. "टाका की."

त्यांनी टाकली. राणी कमरेतून वाकली. सावकाश, थोडी अडखळत, पण वाकली. गोळी उचलून तिने ती निरखली, फुंकर मारली आणि डॉक्टरांपुढे धरली.

"धुऊन द्या."

बायका खो-खो हसल्या. मी डॉक्टरांच्या उत्तराची वाट बघत होतो. गोळी घेऊन ते कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेले, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी नळ सोडला. पाणी वाहत राहिलं. बायकांचं हसणं थांबलं, तरी वाहत राहिलं.

शेवटी बाळूच हळूच म्हणाला, "डाक्टर, इरघळंल ती."

तरी ते वळले नाहीत.