अर्ध्या तासाचे तोंड

चार माणसे रोज एका गाडीत बसू लागली की सांगण्यासारखे काही ना काही साठतच जाते. मग ती सहलीला निघालेली असोत वा तोंडाला किरणे घ्यायला. आम्ही दुसऱ्या प्रकारातले. सलीमभाईंच्या गाडीतून आम्ही तिघे रुग्ण सहा आठवडे पनवेलच्या पुढील एका रुग्णालयात जात होतो. दत्तू ठोंबरे हा शेतकरी भिवपुरीजवळच्या आपल्या गावाहून बसून येई, मी भिसेगावात चढे, आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या निर्मलाबाई पुढे चौकच्या नाक्यावर उभ्या असत.

दुसऱ्या आठवड्यात तिघांचीही तोंडे आतून सोलवटली. डॉक्टरांनी तिघांनाही एकच हिरवे औषध लिहून दिले. त्याची गुळणी केली की तोंड व घसा बधिर होई. साधारण अर्धा तास. तेवढ्यात जेवायचे आणि तेवढ्यातच बोलायचे.

*

औषधासोबतचा बारीक अक्षरांचा कागद संपूर्ण वाचणारा मी एकटाच होतो. गिळू नये, अर्धा मिनिट तोंडात फिरवावे, मग थुंकावे, हे मी इतरांना वाचून दाखवले आणि घड्याळ हातात घेऊन बसलो. माझा स्वतःचा पहिला घोट बाराव्या सेकंदाला ठसका लागून सदऱ्यावर आला. निर्मलाबाईंनी विसापर्यंत तग धरला. दत्तू मात्र गाल फुगवून दीड मिनिट स्वस्थ बसला, खिडकीतून बाहेर पाहत राहिला, आणि मग एका नेमक्या पिचकारीत त्याने सारे रस्त्याकडेच्या गटारात सोडले. एक थेंब इकडेतिकडे नाही.

"चाळीस वर्सं तंबाखूचा बार धरलाय भाऊ," तो म्हणाला, "ती मेहनत वाया नाय गेली."

*

सलीमभाईंच्या गाडीत पुढच्या आसनामागे 'गाडीत थुंकू नये' अशी लाल पाटी होती. गुटखा खाणाऱ्या दोन प्रवाशांना त्यांनी शेडुंगजवळ भर उन्हात उतरवून दिल्याचे ते अभिमानाने सांगत. आमच्या गुळण्या सुरू झाल्यावर एके दिवशी त्या पाटीवर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवलेला दिसला आणि आमच्या पायांशी झाकणाची एक नवी बादली. तुकड्यावर एका नव्या गुटख्याची जाहिरात होती, हे फक्त मी वाचले.

*

मला कसलेही व्यसन नाही. सुपारीचे खांड मी कधी दाताखाली धरले नाही. रुग्णालयात अर्ज भरून घेणारी मुलगी 'तंबाखू किती वर्षे?' असे गृहीत धरूनच विचारी, आणि दर वेळी मी तिला उभे राहून, शब्दशः, 'कधीही नाही' असे उत्तर देत असे. हे मी गाडीत तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा दत्तूने माझ्याकडे खऱ्या कळवळ्याने पाहिले.

"आमी खाऊन हितं आलो, तुमी न खाताच," तो म्हणाला. "लयच नुकसान झालं की तुमचं."



*

निर्मलाबाई सकाळी खिचडी शिजवून, मुलांना वाढून मग आमच्याबरोबर निघत. किरणांनी त्यांची चव गेली होती आणि गुळणीने उरलीसुरली जाई. हातातले मीठ घातले की नाही हेच त्यांना कळेनासे झाले. मुख्याध्यापकांनी मुलांना बजावले होते की बाई आजारी आहेत, कोणी काही बोलायचे नाही. मुले गुपचूप जेवत होती. पाचव्या दिवशी बाईंनी डाव ठेवून सहज मागे पाहिले, तर सगळी पंगत खिशातून कागदाच्या पुड्या काढून खिचडीवर मीठ शिंपडत होती.

"माजी पाठ वळायची वाट बघायची गं बाय सगळी," असे सांगताना त्या हसल्या, आणि हसल्यामुळे लगेच गाल धरून बसल्या.

पाचव्या आठवड्यातल्या मंगळवारी त्या नाक्यावर नव्हत्या. बुधवारी त्यांच्या जावयाचा फोन आला. निर्मलाबाई आदल्या पहाटेच गेल्या होत्या. गुरुवारी सलीमभाईंनी चौकला गाडी बाजूला घेतली, रोजच्याइतका वेळ थांबवली, आणि पुन्हा सुरू केली.

*

दत्तूच्या जिभेवरची गाठ किरणांना दबली नाही. पुढच्या सोमवारी त्याची जीभ काढायची ठरली. त्याआधीच्या शनिवारी त्याने मला आणि सलीमभाईंना घरी बोलावले आणि सांगितले, की समोर, बांधापलीकडे, थोरल्या भावाकडे जायचे आहे. काशिनाथशी त्याचा अकरा वर्षे अबोला होता. आई गेली तेव्हा दत्तू गुरे घेऊन डोंगराकडे गेला होता. काशिनाथने त्याची वाट न पाहता तिला अग्नी दिला. तेव्हापासून एक शब्द नाही.

अंगणात पोचताच दत्तूने बाटली काढली, गुळणी केली आणि पारिजातकाच्या मुळाशी थुंकली. काशिनाथ ओटीवरून उठला. मला वाटले, आता क्षमेची भाषा होईल. मनातल्या मनात मी एखादे समारोपाचे वाक्यही जुळवून ठेवले होते.

दत्तूने शिव्यांनी सुरुवात केली. सरकवलेला बांध, विहिरीचा पंप, तोडलेला आंबा, पोरीच्या लग्नात न आलेली वहिनी. जड जिभेने शब्द वाकडे पडत होते. लाळ हनुवटीवरून गळत होती, ती तो बाहीने पुशी आणि पुढे बोले. काशिनाथ मान खाली घालून उभा होता. त्याची सून दारात आली, तिला त्याने हातानेच आत पाठवले.

अर्धा तास होत आला तसे औषध उतरू लागले. दत्तूचे वाक्य मध्येच तुटले. गालावर हात दाबून तो ओटीच्या पायरीवर बसला आणि डोळे मिटून नुसता हलत राहिला.

काशिनाथ आत गेला. तांब्याभर पाणी घेऊन आला, भावाच्या शेजारी बसला, आणि खाली ठेवलेली हिरवी बाटली उचलून त्याने उजेडात धरून पाहिली.

"हाय रं अजून हिच्यात," तो म्हणाला. "दत्त्या, घे आणखी एक गुळणी. आयचं राहिलंय."