एकाच लॉटच्या दोन डिस्क

घडियाळी पोळाच्या जुन्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ. प्रत्येक फोटो आपोआप दोन डिस्कवर साठावा म्हणून लिनक्सवर 'रेड' नावाची जोडणी लावायला डभोईहून एक माणूस आला. चष्मा कपाळावर चढवून त्याने माझ्या नव्याकोऱ्या डिस्क निरखल्या आणि एक परत केली.

"एकाच लॉटच्या आहेत, काका. साथेच मरतील. दुसऱ्या कंपनीची आणा."

नक्की कमिशन खातो हा! आणली, पण नजर ठेवूनच बसलो. चालू मशीनमधल्या एका डिस्कची वायर त्याने उपटली तेव्हा ओरडलोच. पडद्यावरचा फोटो मात्र हललाही नाही.

नाकारलेली डिस्क मी हट्टाने घरच्या कॉम्प्युटरला लावली.

पुढे स्टुडिओत तिची जोडीदार मेली. गिऱ्हाइकांची लग्नं दुसऱ्या डिस्कवर शाबूत होती. त्याच आठवड्यात घरची गेली. तिच्यात माझ्या मुलीचं लग्न होतं.